मोटारीचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे सांगतात. मूळ शोधायला गेले की एक नदी सापडत नाही, दहा ओहोळ सापडतात. आणि कुळाच्या बाबतीत काय हाती लागेल याचा तर नेमच नसतो. इंग्लंडमध्ये जुनी किट कार विकत घेणाऱ्याला मात्र हे शहाणपण परवडत नाही. त्याला मूळही शोधावे लागते आणि कूळही.

समजा, तिथल्या एखाद्या गावातल्या गॅरेजमध्ये एक छोटी, उघडी, दोन आसनी गाडी उभी आहे. लांब बोनेट, अंगापासून सुटे उठून दिसणारे मडगार्ड, पाठीवर टांगलेले जादा चाक. दिसायला १९५० च्या सुमाराच्या एमजीसारखी. नोंदणीपुस्तिकेत लिहिले आहे ‘ट्रायम्फ हेराल्ड, १९६८’. बोनेट उघडले तर आत फोर्डचे इंजिन. बॉडीला लोहचुंबक लावला तर चिकटत नाही, म्हणजे ती फायबरग्लासची. विकणाऱ्याला एवढेच ठाऊक, की त्यानेही ती दुसऱ्याकडून घेतली होती. कोणी जोडली, कधी जोडली, कशाकशातून जोडली, हे सांगणारे कोणी नाही. उद्या ब्रेकचे लायनर झिजले तर दुकानात कोणत्या गाडीचे नाव सांगायचे, या साध्या प्रश्नापासून ही गाडी कायद्याच्या दृष्टीने मुळात आहे तरी कोण, या प्रश्नापर्यंत सगळे ओझे नव्या मालकाच्या डोक्यावर येते.

अशा गाडीचे भाग ओळखणे हे मेकॅनिकचे काम खरे. पण ते करता करता हाती लागतो तो इतिहास. कोणत्या काळात कोणत्या गाडीचे भाग वापरले गेले, यामागे हौस तर होतीच. पण तिच्याइतकाच सरकारचा कर होता, इंग्लंडच्या हवेतला गंज होता आणि रिकामा खिसा होता. गाडीच्या पोटाखाली आडवे पडून बॅटरीच्या उजेडात वाचायचा असा हा दस्तऐवज आहे.

त्याचे पहिले पान ऑस्टिन सेव्हनचे. १९२२ ते १९३९ या काळात ही चिमुकली गाडी तीन लाखांच्या जवळपास संख्येने बनली. महायुद्ध संपले तेव्हा त्यातल्या कित्येकींची लाकूड-पत्र्याची बॉडी कुजली होती, पण खालचा सांगाडा आणि इंजिन चालण्यासारखे होते. नवी गाडी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. १९४० साली युद्धखर्चासाठी लावलेला खरेदीकर युद्धानंतरही उठला नाही. १९५५ च्या अखेरीस मोटारींवर तो ६० टक्के झाला होता. मग तरुण मुले पडीक ऑस्टिन मिळवत, तिची बॉडी उतरवून टाकत आणि त्या सांगाड्यावर आपल्या मनासारखी गाडी उभी करत. अशा गाडीला ‘स्पेशल’ म्हणत. १९४८ साली लंडनमधल्या कॉलिन चॅपमन नावाच्या विद्यार्थ्याने अशीच एक ऑस्टिन सेव्हन उलगडून नव्याने बांधली. लोटस या कंपनीचा उगम तिथे आहे.

चॅपमनच्या पुढच्या यशाला कराची मोठी मदत झाली. खरेदीकर तयार गाडीवर होता; गिऱ्हाईक स्वतः जोडणार असेल तर सुट्या भागांच्या संचाला तो लागत नसे. १९५७ मध्ये आलेली लोटस सेव्हन करासह १०३६ पौंडांना होती, आणि तीच सुटी घेतली तर ५३६ पौंडांना. फरक पाचशे पौंडांचा. चार शनिवार-रविवार पाने फिरवायची त्या काळातली मजुरी म्हणून ही रक्कम मोठीच होती. संचासोबत जोडणीची पुस्तिका देता येत नसे, म्हणून चॅपमनने गाडी सुटी कशी करावी याची पुस्तिका दिली आणि ती उलटी वाचा म्हटले, अशी आख्यायिका आजही सांगतात. खरी असो वा नसो, त्या व्यवहाराचा स्वभाव तिच्यात नेमका उतरला आहे.

पण त्या लोटसमध्ये लोटसचे काय होते? मुख्यतः नळ्यांचा सांगाडा आणि वरचा पत्रा. सुरुवातीचे ११७२ सीसी इंजिन फोर्डचे. १९६० च्या दुसऱ्या आवृत्तीत मागचा अ‍ॅक्सल स्टँडर्ड कंपनीच्या एका साध्या कुटुंबवत्सल गाडीचा, आणि पुढचे चाक ज्या उभ्या लोखंडी तुकड्यावर फिरते तो ट्रायम्फ हेराल्डचा. हा तुकडा आपल्याला अगदीच परका नाही. १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड बनू लागली आणि ती मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरही फिरली. मडगार्डांसकट अख्खे तोंड पुढे उघडणारी ती गाडी ज्यांनी लहानपणी पाहिली असेल, त्यांनी शर्यतीच्या लोटसचे एक सांधे नकळत पाहिलेले आहे.

म्हणजे अस्सल म्हणून जिची पूजा होते तीही मुळात जोडलेलीच. मग आपल्या गॅरेजमधल्या अनामिकेचे कूळ कसे शोधायचे?

जाणकार आधी चाके काढतो. चार बोल्टांची चकती असेल तर समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या मध्यांमधले अंतर मोजायचे. पावणेचार इंच भरले तर ट्रायम्फ हेराल्ड किंवा स्पिटफायर, चार इंच भरले तर मिनी किंवा मॉरिस मायनर, सव्वाचार भरले तर फोर्ड एस्कॉर्टचे घराणे आणि साडेचार भरले तर एमजीबी, असा अंदाज बांधता येतो. जुन्या फोक्सवॅगन बीटलला पाच बोल्ट आणि भलेमोठे, २०५ मिलिमीटरचे वर्तुळ. पुढे पावणेचार आणि मागे सव्वाचार निघाले, तर एका दात्याचा पुढचा भाग आणि दुसऱ्याचा मागचा अ‍ॅक्सल यांचे लग्न कोणीतरी लावले आहे, हे तिथेच कळते. मग पाना हातात घ्यायचा. जुन्या ब्रिटिश नटांना व्हिटवर्थ मापाचा पाना लागतो, १९५० च्या दशकापासून अमेरिकी इंचाचे आटे रूढ झाले आणि १९७० च्या दशकात मिलिमीटरचे आले. एकाच गाडीला तिन्ही पेट्यांतले पाने लागत असतील, तर तिच्या अंगावर तीन काळ आहेत.

इंजिन सगळ्यांत बोलके, पण त्याच्यावर सगळ्यांत कमी विश्वास ठेवावा. फोर्डच्या ओतीव ब्लॉकवर आकडे असतात. त्यात ‘६०१५’ दिसले तर ते फक्त ‘हा सिलिंडर ब्लॉक आहे’ एवढेच सांगतात. खरी ओळख त्यांच्या आधीच्या अक्षरांत असते. ‘१०५ ई’ म्हणजे १९५९ च्या अँग्लियाचे कूळ, ‘७११ एम’ म्हणजे १९७० नंतरचा जाड भिंतींचा ब्लॉक. अक्षरे गंजाने खाल्ली असतील तर नळ्या पाहायच्या. हवा आत नेणारी आणि धूर बाहेर टाकणारी नळी एकाच बाजूला असेल तर इंजिन जुन्या वळणाचे, समोरासमोरच्या बाजूंना असतील तर १९६७ नंतरचे. पण हे इंजिन एस्कॉर्टमध्ये होते, कॉर्टिनात होते, शर्यतीच्या गाड्यांतही होते. शिवाय इंजिन बदलणे हे अशा गाड्यांच्या मालकांचे आवडते काम. तेव्हा ब्लॉक आपले गोत्र सांगतो, घर सांगत नाही.

काळ ठरवायला किरकोळ वस्तू अधिक उपयोगी पडतात. ल्यूकस कंपनीच्या डायनामो आणि वायपर मोटरच्या अंगावर आठवडा आणि वर्ष ठोकलेले असते. ‘३६ ७८’ म्हणजे १९७८ चा छत्तिसावा आठवडा. गाडी कागदावर १९६८ ची असली तरी जोडणाऱ्याच्या हातात तो भाग त्यानंतरच आलेला असणार. स्मिथ्सच्या वेगदर्शकाच्या तबकडीवर खाली बारीक अक्षरांत ‘टीपीएम’ आणि एक आकडा असतो. एका मैलात आतली केबल किती फेरे फिरेल, तो हा आकडा. त्यावरून तबकडी मूळ कोणत्या गाडीची हे ताडता येते, आणि ती आत्ताच्या अ‍ॅक्सलशी जुळते का हेही. जुळत नसेल तर काटा इतकी वर्षे खोटे बोलत आला आहे, आणि मैलांची नोंदही खोटी.

सगळ्यांत मुकी वस्तू म्हणजे बॉडी. फायबरग्लासवर बहुधा नाव नसते. रंग खरवडला तर खाली साच्यातून निघतानाचा मूळ रंग दिसतो, उलट्या बाजूला चटईचे तंतू दिसतात. पण साचा कोणाचा हे कळत नाही, कारण तयार बॉडीवरून नवा साचा काढणे फार सोपे. कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्स यांनी १९६४ मध्ये बीटलचे यांत्रिक भाग वापरून मँक्स ही डून बग्गी बनवली. तिच्या इतक्या नकला निघाल्या, की मेयर्स न्यायालयात गेले आणि पेटंटचा दावा हरले. त्यानंतर नकलेची नक्कल, तिचीही नक्कल, अशी पिढ्यान् पिढ्या वंशावळ चालली. प्रत्येक पिढीत कडा थोड्या बोथट होतात, आणि ते बोथटपण बोटांना जाणवते.

आता पुन्हा कर. १ एप्रिल १९७३ ला खरेदीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि तो सुट्या भागांनाही लागू झाला. नवे भाग सुटे घेण्यातला फायदा संपला. लोटसने सेव्हनचे हक्क त्याच वर्षी कॅटरहॅमला देऊन टाकले. किट कार मात्र मेली नाही; तिने दुसरा दाता शोधला. रस्त्यांवर थंडीत टाकलेल्या मिठाने ब्रिटिश गाड्यांचे पत्रे दहा-बारा वर्षांत चाळणी होत आणि वार्षिक तपासणीत त्या नापास होत. आतली यंत्रे मात्र धडधाकट असत. अशी एस्कॉर्ट भंगाराच्या भावात घ्यायची आणि तिचे इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल नव्या सांगाड्यात बसवायचे. वर्दिंग गावच्या डटन कंपनीने या पद्धतीने गाड्यांचे संच मोठ्या प्रमाणावर विकले. तिच्या एका गाडीचे नाव सिएरा होते. फोर्डने आपली सिएरा काढली तेव्हा नावावरून वाद न्यायालयात गेला, आणि डटनला नाव वापरत राहता आले. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचे २५० पौंडांत स्पोर्ट्स कार बांधायला शिकवणारे पुस्तक आले आणि मग सांगाडाही घरीच वेल्ड होऊ लागला. त्या गाड्यांना कंपनीच नाही. हुबेहूब सेव्हन दिसणारी गाडी स्वस्तात मिळते आहे असे वाटले, तर आधी सांगाड्याच्या नळ्या आणि वेल्ड पाहावेत, असे म्हणतात ते यामुळे.

आता नोंदणीपुस्तिकेकडे वळू. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला विचारतो, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? आस रथ आहे का? चाके रथ आहेत का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत जातो. स्वान्सीच्या वाहन नोंदणी खात्यालाही या प्रश्नाने गाठले, आणि खात्याने त्याचे उत्तर गुणांत दिले. दीर्घकाळ चाललेल्या त्या पद्धतीत मूळ सांगाड्याला ५ गुण. सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २. इंजिनाला अवघा १. आठ गुण भरले तर जुनी ओळख टिकत असे. आपण ज्याला गाडीचे काळीज म्हणतो त्याला एक आणि हाडांना पाच! ज्यांची ओळख किंवा वय पटत नाही त्यांना १९८३ पासून ‘क्यू’ अक्षराची पाटी मिळते. अनौरस ठरवण्याचीच ही सरकारी रीत. पाटी लागली की किंमत उतरते.

आपल्या गॅरेजमधली गाडी त्या हिशेबाने पाहू. चाकांचे बोल्ट पुढे-मागे पावणेचार इंचच निघाले. खाली हेराल्डचा अखंड सांगाडा आहे, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल आणि स्टिअरिंगही तिचेच. इंजिन आणि गिअरबॉक्स फोर्डचे, म्हणजे तीन गुण गेले. तरी अकरा उरले. कागदावरचे ‘हेराल्ड’ खोटे नाही. हेराल्डची ओळखपट्टी मूळ बॉडीच्या पत्र्यावर रिव्हेटने ठोकलेली असे. ज्याने ती बॉडी भंगारात दिली, त्याने पट्टी तेवढी जपून काढली आणि नव्या फायबरग्लासवर नीट बसवली. तेवढ्याने गाडीचे नाव वाचले.

तो माणूस कोण, हे कोणत्याच शिक्क्यात नाही. पण डॅशबोर्डच्या मागे हात घातला की एक भोक सापडते, चुकीच्या जागी पाडलेले आणि मग बुजवलेले. गिअरबॉक्स धरणारा कंस सुरुवातीला ओबडधोबड वेल्ड केलेला आहे, दुसऱ्या टोकाला येईपर्यंत वेल्ड सरळ झाले आहे. तो शिकत होता. दात्यांची नावे सांगणारे आकडे कारखान्यांनी ठोकलेले; हे मात्र त्याचे स्वतःचे हस्ताक्षर.

म्हणून नव्या मालकाने एक साधी वही घालावी. पुढचे ब्रेक कोणाचे, क्लच कोणाचा, पंख्याचा पट्टा किती लांबीचा, कोणता भाग कधी बदलला, सगळे तारखेनिशी. गाडी पुढे विकताना किल्लीबरोबर तीही द्यावी. मूळ शोधत निघालेल्या पुढच्या माणसाला निदान एका ओहोळाचा पत्ता तरी लिहिलेला सापडेल.