दात्यांचा हिशेब: दिल्लीच्या दोन अंगांच्या दोन मोटारसायकली

1985 साली दिल्लीच्या दोन अंगांना दोन मोटारसायकली जन्मल्या. जयपूरच्या रस्त्यावरील धारूहेडा येथे हिरो होंडाची सीडी 100, आणि यमुनापार सूरजपूरच्या कारखान्यात एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने बांधलेली आरएक्स 100. दोन्ही इंजिने शंभर सीसीच्या आतबाहेरची, गिअर दोघींनाही चारच. तरी एक गृहस्थी मानली गेली, दुसरी वाऱ्याशी पैज लावणारी. या भेदाचे श्रेय आजही पुष्कळ जण स्प्रॉकेटला, म्हणजे साखळी ओढणाऱ्या दातेरी चक्राला देतात. ते अर्धेच खरे आहे.

हिरोच्या मुंजाल कुटुंबाने त्याआधी लुधियान्यात सायकली बनवल्या होत्या, आणि सायकलीवरून हा हिशेब चटकन उमगतो. सायकलीत पायाकडील चक्र मोठे व चाकाकडील लहान असते. पाय मिनिटाला साठ-सत्तर फेरे मारतात, पण जोर भरपूर लावतात. तो जोर खर्चून वेग मिळवायचा असतो. इंजिनाचे नेमके उलट. ते मिनिटाला सात-आठ हजार फेरे घेते, मात्र त्याचा पीळ, म्हणजे टॉर्क, किरकोळ. म्हणून मोटारसायकलीत पुढचे चक्र लहान आणि मागचे मोठे.

समजा, पुढे 14 दाते आहेत आणि मागे 42. गुणोत्तर 3. मागे 45 दात्यांचे चक्र बसवले तर ते 3.21 होते: चाकावरचा टॉर्क सुमारे 7 टक्क्यांनी वाढतो आणि इंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांत गाडीचा वेग जवळपास तेवढाच उतरतो. पुढचा एकच दाता कमी केला, 14 चे 13 केले, तरी परिणाम जवळजवळ तोच. मागचे तीन दाते म्हणजे पुढचा एक. दोन्ही वेळा शक्ती मात्र तसूभरही वाढत नाही. टॉर्क आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार जिथल्या तिथे राहतो.

करोल बागेच्या मोटारबाजारात स्प्रॉकेट बदलून घेणाऱ्याला ‘पिकअप’ मिळतो तो असा. तो खोटा नव्हे, उसना असतो.

आता आरएक्सकडे वळू. तिचे दोन-स्ट्रोक इंजिन 11 अश्वशक्तीचे, सीडीचे चार-स्ट्रोक सुमारे 7 चे. दीडपटीहून अधिक शक्ती असून कमाल वेग दीडपट का नाही? हवेचा रोध मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 11 भागिले 7 चे घनमूळ काढले की 1.16 येते, दोघींना हवेचा रोध सारखाच मानला तर कमाल वेगातला फरक 16 टक्क्यांच्या आसपास राहतो. सिग्नल सुटल्यावर जाणवणारा भेद याहून कितीतरी मोठा, कारण तिथे शक्ती हवा कापण्यात नव्हे, वेग वाढवण्यात लागते. मायलेजच्या लोभाने मागचे चक्र फार लहान केले, तर चौथ्या गिअरमध्ये इंजिन आपल्या सर्वोच्च शक्तीच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही आणि कमाल वेग उलट घटतो.

पुढचे चक्र लहान करण्यालाही मर्यादा आहे. साखळी चक्राभोवती वर्तुळ करत नाही, बहुभुज करते. 14 दात्यांवर तिची गती प्रत्येक दात्यागणिक सुमारे अडीच टक्क्यांनी वरखाली होते, 11 दात्यांवर चार टक्क्यांनी. साखळीला ते हादरेच; झीज लवकर होते.

आणखी एक फसगत मीटरची. त्या दोन्ही गाड्यांत स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येई, त्यामुळे मागे काहीही बदलले तरी आकडा खराच राही. आजच्या अनेक गाड्यांत वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सपाशी असतो. तिथे मागचे चक्र मोठे केले की मीटर प्रत्यक्षाहून जास्त वेग आणि जास्त किलोमीटर दाखवते, आणि मालकाला पिकअपसोबत मायलेजही वाढल्याचा भास होतो. लहान केले की उलट: यमुना एक्सप्रेसवेवर काटा 100 वर असताना गाडी 107 ने धावत असू शकते.

सीडीची काटकसर मुख्यतः इंजिनातून आलेली होती. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरा, अशा आशयाची तिची जाहिरात घरोघरी पोहोचली. 1994 मध्ये त्याच 97.2 सीसीच्या घडणीवर स्प्लेंडर आली. आरएक्स 100 चे उत्पादन 1996 मध्ये थांबले. प्रदूषणाचे नियम कडक होत होते. साध्या दोन-स्ट्रोक इंजिनात ताजे मिश्रण आत येत असतानाच धूर बाहेर जाण्याची खिडकी उघडी असते, आणि थोडे इंधन न जळताच निसटते. ते सिलिंडरातच घडत होते, साखळीच्या कितीतरी आधी.