कॉन्फिगर स्क्रिप्ट कशासाठी आली?

सोर्समधून मोठे सॉफ्टवेअर बिल्ड करताना ‘सी कंपायलर एक्झिक्युटेबल तयार करू शकत नाही’ असा संदेश तुम्ही पाहिला असेल. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये ‘मेक’ लिहिले. पण प्रत्येक युनिक्स निराळे, म्हणून मेकफाइल हाताने बदलावी लागे. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ सुरू केले. त्यातून तयार होणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट केवळ सिस्टीमच्या नावावर विसंबत नाही. छोटे सी प्रोग्रॅम खरोखर कंपाइल करून पाहते. मूळ एरर ‘कॉन्फिग.लॉग’मध्ये नोंदली जाते. तेव्हा कंपायलर पुन्हा इन्स्टॉल करण्यापूर्वी (विद्यार्थी हमखास तेच करतात!) ती फाइल उघडा. डेबियनवर जीसीसी असूनही ‘लिबसी६-डेव्ह’ पॅकेज नसेल, तर ‘सीआरटी१.ओ’ सापडत नसल्याची लिंकरची तक्रार तिथे दिसेल.