व्हिडिओ कॉन्फरन्सिंग: पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यात पडद्यावर काय जमते, काय जमत नाही?

भोसरीतल्या एखाद्या लघुउद्योगाने पाठवलेल्या मालात दोष निघाला, की चाकणच्या कंपनीतून पूर्वी हमखास बोलावणे यायचे. पुणे-नाशिक महामार्गावरचा नाशिक फाटा, भोसरी, मोशी, चाकण हा प्रवास आणि वाटेतली वाहतूक कोंडी यात अर्धा दिवस सहज जायचा. आता त्यातली बरीच बोलणी झूम, गुगल मीट किंवा मायक्रोसॉफ्ट टीम्सवर होतात. याच पट्ट्यातल्या शाळा, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि आयटीआयनीही २०२० मध्ये हाच पडदा वापरून पाहिला.

प्रवास वाचला, हे खरे. पण जॉबवरचा बारीक ओरखडा किंवा मशीनचा बदललेला आवाज पडद्यावर पोहोचतोच असे नाही. मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला काय कळलेले नाही, हेही तिथून दिसत नाही. म्हणून कोणते काम पडद्यावर करायचे आणि कोणत्या कामासाठी उठून जायचे, हे आधी ठरवावे लागते.

व्हिडिओ कॉन्फरन्सिंग चालते कसे?

कॅमेरा आणि माइकमधून आलेले चित्र व आवाज आधी आकुंचित केले जातात. त्यांचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेट, इंटरनेटवरून सर्व्हरकडे जातात आणि सर्व्हर ते बैठकीतल्या प्रत्येकाकडे पाठवतो. हे सगळे डोळ्याची पापणी लवेपर्यंत व्हावे लागते. आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोहोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्यापुढे विलंब वाढत गेला, की दोघे एकदमच बोलू लागतात आणि एकदमच थांबतात.

बैठक अडखळली, की लोक डाउनलोडचा वेग तपासतात. आपला चेहरा आणि आवाज मात्र अपलोडवर जातो. 'तुमचा आवाज तुटतोय' असे समोरचा म्हणत असेल, तर आधी अपलोड पाहावा. पत्र्याच्या शेडमध्ये आणि अवजड मशीनच्या गर्दीत वायफायचा सिग्नल कमजोर पडतो. त्यामुळे शॉप फ्लोअरवर केबलने जोडलेला संगणक किंवा राउटरजवळची जागा बरी. तरीही अडचण आली तर आपला कॅमेरा बंद करावा, कारण नुसत्या आवाजाला चित्राच्या तुलनेत फारच कमी डेटा लागतो.

तंत्रज्ञान नवे नाही. अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात 'पिक्चरफोन' लोकांसमोर ठेवला होता. २००३ मध्ये आलेल्या स्काइपने घरगुती व्हिडिओ कॉल स्वस्त केला. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्काइप बंद केले. मोठी उडी कोविडकाळातली. डिसेंबर २०१९ मध्ये झूमच्या बैठकांत रोज सुमारे १ कोटी सहभाग नोंदले जात होते. एप्रिल २०२० मध्ये हा आकडा ३० कोटींवर गेला. एकच माणूस दिवसात तीन बैठकांना बसला तर तो यात तीनदा मोजला जातो.

या पट्ट्याला त्याची एवढी गरज का?

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आणि आकुर्डीत बजाज ऑटो आली. त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉप भोसरी, चिंचवड, तळवडे भागात वाढली. नंतर उद्योग चाकणकडे सरकले. फोक्सवॅगनच्या चाकण प्रकल्पाचे उद्घाटन २००९ मध्ये झाले आणि मर्सिडीज-बेंझचा चाकणचा कारखानाही त्याच वर्षी सुरू झाला. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला.

थोडक्यात, ऑर्डर चाकणमध्ये आणि वर्कशॉप भोसरीत असते, तर डिझाइनचा निर्णय अनेकदा जर्मनी, कोरिया किंवा अमेरिकेत होतो. या सगळ्यांना एका वेळी एकत्र बसवायचे तर व्हिडिओ कॉल हाच परवडणारा मार्ग उरतो.

त्यातही वेळ जुळवणे सोपे नाही. जर्मनीत सकाळचे ९ वाजतात तेव्हा भारतात उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. तिथले घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते. अमेरिकेतले मात्र मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलते. म्हणजे वर्षातून काही आठवडे जर्मनी, डेट्रॉइट आणि चाकण यांचे नेहमीचे गणित बिघडते. कोरियाचे घड्याळ बदलत नाही. ते कायम आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. शिवाय पिंपरी-भोसरी पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. परदेशी ग्राहकाने गुरुवारची नियमित बैठक लावली, तर इथल्या व्हेंडरची सुट्टी त्यातच जाते. हे पहिल्याच बैठकीत सांगितलेले बरे.

पडदा काय लपवतो?

पडद्यावर काही गोष्टी दिसत नाहीत, त्यामागे तांत्रिक कारणे आहेत.

• आवाज: या ॲपमध्ये पार्श्वभूमीचा आवाज दाबण्याची सोय असते. पंखा, रस्ता, मशीन असे सलग येणारे आवाज ती गाळून टाकते. बेअरिंगची घरघर ऐकवण्यासाठी मेंटेनन्स इंजिनिअरला कॉल लावला, तर नेमकी तीच घरघर गाळली जाऊ शकते. अशा वेळी ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी किंवा आवाज वेगळा रेकॉर्ड करून पाठवावा.

• फिरते भाग: व्हिडिओ साधारणपणे सेकंदाला ३० चित्रे घेतो. स्पिंडल मिनिटाला १८०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला बरोबर ३० फेरे होतात. प्रत्येक चित्रात चक त्याच जागी सापडतो आणि स्थिर दिसू शकतो. वेग किंचित कमी झाला तर तो उलटा फिरल्यासारखाही वाटतो. फिरत्या भागाचा दोष व्हिडिओवर ठरवू नये, तो यामुळेच.

• पृष्ठभाग: डेटा वाचवण्यासाठी चित्रातले बारीक तपशील पुसट केले जातात. केसाएवढी चीर, बर किंवा सरफेस फिनिशमधला फरक त्यात हरवतो. बैठक सुरू होण्यापूर्वी शेजारी पट्टी ठेवून काढलेले पूर्ण क्षमतेचे फोटो आणि मोजमापाचा अहवाल पाठवावा. बैठकीत त्यावर चर्चा करावी.

• माप: पडद्यावर दाखवलेला व्हर्नियर म्हणजे मोजमाप नव्हे. टॉलरन्सचा वाद असेल तर सीएमएमचा अहवाल किंवा एकाच गेजवर दोन्ही बाजूंनी केलेली तपासणी लागते.

याउलट काही कामे पडद्यावर प्रत्यक्ष भेटीपेक्षाही सोयीची होतात. ड्रॉइंगमधला बदल, रिजेक्शनच्या कारणांची चर्चा, एट-डी अहवालाचा आढावा किंवा डिलिव्हरीचे वेळापत्रक ही त्यातली. स्क्रीन शेअर केली की सगळे एकाच ओळीवर बोट ठेवून बोलतात. मशीनवरच्या ऑपरेटरलाही पाच मिनिटांसाठी बैठकीत घेता येते. एरवी साहेबांच्या गाडीत त्याला जागा मिळत नाही.

शिक्षणात काय अनुभव आला?

२४ मार्च २०२० च्या रात्री देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. राज्यात 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' हा उपक्रम राबवला गेला. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका आली. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांनी स्क्रीनसमोरच्या वेळेवर मर्यादा सुचवली: पहिली ते आठवीसाठी दिवसाला जास्तीत जास्त दोन आणि नववी ते बारावीसाठी चार तास, प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटांचे.

ही मर्यादा डोळ्यांसाठी होती, पण ती खिशालाही लागू पडत होती. सेकंदाला ६०० किलोबिट वेगाने ४५ मिनिटांचा एक तास पाहिला तर सुमारे २०० एमबी डेटा खर्च होतो. चार तासांचे ८०० एमबी झाले. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर एका मुलाचे भागते. घरात नववी-दहावीची दोन भावंडे असली की दुपारनंतर पॅक संपतो. मोशी किंवा चिखलीच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराच्या घरात फोनही अनेकदा एकच, आणि तो वडिलांबरोबर पहिल्या शिफ्टला गेलेला.

'असर' सर्वेक्षणाने हीच अडचण देशपातळीवर मोजली. २०२१ मध्ये ग्रामीण भागातल्या ६७.६ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. मात्र त्यातल्या २६.१ टक्के मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. हे आकडे ग्रामीण भारताचे आहेत, पण घरात फोन असणे आणि मुलाच्या हातात फोन असणे यातला फरक शहरी वस्तीतही तोच आहे.

उच्च शिक्षणात ऑनलाइनला ठराविक जागा मिळाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या एकूण अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत 'स्वयम्'वरून करता येतात.

आयटीआयचे प्रात्यक्षिक पडद्यावर शिकवता येते का?

फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे ट्रेड हाताने शिकायचे आहेत. कानस किती दाबायची, टॅप अडकू लागला हे बोटांना कसे कळते, ते पडदा शिकवू शकत नाही. मात्र प्रात्यक्षिकाच्या आधीचा आणि नंतरचा भाग तो चांगला सांभाळतो. ड्रॉइंग वाचणे, सुरक्षेचे नियम, व्हर्नियर व मायक्रोमीटरची गणिते, कामाचा क्रम हे विषय ऑनलाइन घेतले तर वर्कशॉपमधला वेळ मशीनसाठी उरतो.

वर्ग घेताना काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात:

• शिक्षकाचा चेहरा दाखवण्यापेक्षा हातावर वरून कॅमेरा लावावा.
• 'समजले का?' असे विचारू नये. सगळे 'हो सर' म्हणतात. व्हर्नियरचा फोटो दाखवून प्रत्येकाला रीडिंग चॅटमध्ये लिहायला सांगावे. चुकीची उत्तरे लगेच दिसतात.
• सलग बोलणे दहा-पंधरा मिनिटांवर नेऊ नये.
• ज्यांचा नेट तुटतो त्यांच्यासाठी नोट्स आणि हलक्या आकाराचे रेकॉर्डिंग ठेवावे.

कायद्याने अशा बैठका चालतात का?

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७३ नुसार संचालक व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे मंडळाच्या बैठकीला हजर राहू शकतात. मात्र बैठकीचे रेकॉर्डिंग करून ते जपून ठेवावे लागते. वार्षिक हिशेबांना मंजुरी देण्यासारखे काही विषय पूर्वी अशा बैठकीत घेता येत नव्हते. जून २०२१ मध्ये ते बंधन काढले गेले. न्यायालयांनी तर त्याआधीच हा मार्ग मान्य केला होता. महाराष्ट्र शासनाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे साक्ष नोंदवता येते असा निकाल दिला.

व्हेंडरसाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ नुसार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार अवैध ठरत नाही. पण कॉलवर 'दर वाढवून देऊ' असे कोणी म्हटले, तर ते नंतर सिद्ध करणे अवघड जाते. म्हणून बैठक संपताच ठरलेल्या गोष्टी, जबाबदार व्यक्ती आणि तारीख यांचा ईमेल पाठवून समोरच्याचे उत्तर मागवावे.

सुरक्षिततेचे काय?

झूमवरील बैठकांत अनोळखी लोक घुसू लागल्यावर केंद्रीय गृह मंत्रालयाने १६ एप्रिल २०२० रोजी सूचना काढली. सरकारी अधिकाऱ्यांनी कार्यालयीन कामासाठी झूम वापरू नये, असे त्यात म्हटले होते. पासवर्ड, वेटिंग रूम आणि सगळे आल्यावर बैठकीला कुलूप लावणे ही त्यातली काळजी आजही कोणत्याही ॲपला लागू होते.

कारखान्यात आणखी एक प्रश्न येतो. ग्राहकाचे ड्रॉइंग किंवा बाजारात न आलेला भाग कॅमेऱ्याच्या मागे दिसत राहिला, तर गोपनीयतेचा करार मोडू शकतो. शॉप फ्लोअरवरून कॉल करण्याआधी परवानगी घ्यावी आणि मागे काय दिसते ते पाहावे. रेकॉर्डिंग सुरू करण्यापूर्वी सगळ्यांना सांगावे.

आता समोर दिसणारा चेहराही पुरावा राहिलेला नाही. अरूप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँगमधल्या कर्मचाऱ्याला २०२४ मध्ये उघड झालेल्या प्रकरणात सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलरना फसवले गेले. त्याला आलेल्या ईमेलचा आधी संशय आला होता. पण व्हिडिओ कॉलवर वरिष्ठ दिसले आणि त्याने पैसे पाठवले. ते चेहरे डीपफेक होते. त्यामुळे कॉलवर बँक खाते बदलल्याचे कोणी सांगितले, तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन करून खात्री करावी. फसवणूक झालीच तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी.

मग कोणते काम कुठे करावे?

• पडद्यावर: नियमित आढावा, ड्रॉइंगची चर्चा, वेळापत्रक, दोषाच्या कारणांचा अहवाल, थिअरीचे तास, पालकसभा.
• प्रत्यक्ष: पहिल्या नगाची मंजुरी, मापाचा वाद, मशीनमधला न कळलेला बिघाड, प्रात्यक्षिक, नव्या व्हेंडरची पहिली भेट.
• दोन्ही मिळून: ऑडिट. कागदपत्रे आधी पडद्यावर तपासली, तर प्रत्यक्ष भेटीचा वेळ शॉप फ्लोअरवर देता येतो.

ठरवण्याची कसोटी सोपी आहे. निर्णय बोलण्यावर आणि कागदावर होणार असेल, तर कॉल पुरतो. तो हाताने चाचपून, कानाने ऐकून किंवा मोजून घ्यायचा असेल, तर चाकणची फेरी टाळून पैसे वाचत नाहीत. नाकारलेला माल परत आणायला टेम्पो पाठवावाच लागतो.