शंभर गढ्या आणि एक पाणंद



मागच्या भागात आपण पाणंदींविषयी बोललो होतो. कार्यक्रम संपल्यावर एका मावशींचा फोन आला. त्या म्हणाल्या, "किल्ल्याला इतिहास असतो, देवळाला असतो. पाणंदीला कसला आलाय इतिहास? तिथून नुसती माणसं आणि गुरं जातात." तेव्हा आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. आज देतो. त्यासाठी जरा लांब, म्हणजे जर्मनीत जावं लागेल, आणि तिथे आपण सायकलवरून फिरणार आहोत. घाबरू नका, रस्ता सपाट आहे. घाट नाही, चढ नाही. लागला तर थोडा वारा लागेल.

जर्मनीच्या वायव्येला, नेदरलँड्सच्या सीमेला लागून म्युन्स्टरलांड नावाचा मुलूख आहे. मधोमध म्युन्स्टर हे जुनं शहर आणि चहूकडे शेती. इथली शेतकऱ्यांची घरं गावठाणात दाटीवाटीनं नसतात, आपापल्या शेतात सुटी सुटी असतात. शेतांच्या कडेनं मातीचे बांध आणि त्यांवर झाडाझुडपांची दाट कुंपणं. लांबून पाहिलं तर सगळा मुलूख एखाद्या बागेसारखा दिसतो.

या मुलखात जुन्या सरदारांच्या गढ्या आहेत, शंभराहून जास्त. त्या जोडणारा एक सायकलमार्ग आहे आणि त्याचं नावच 'शंभर गढ्यांचा मार्ग' असं आहे. एकूण लांबी सुमारे ९६० किलोमीटर. उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम असे त्याचे चार फेरे आहेत. कुणी एकच फेरा करतं, कुणी दरवर्षी एकेक करत चारही पुरे करतं. वाटेत पांढऱ्या पाट्यांवर लाल अक्षरांत गावाचं नाव आणि अंतर लिहिलेलं असतं. साठीच्या पुढची जोडपी, लेकरं मागच्या गाडीत बसवलेल्या आया, शाळेच्या सहली, सगळे या मार्गावर दिसतात.

चला, निघू या. सुरुवात म्युन्स्टर शहरापासून. तिथे सायकलला लाडानं 'लेत्से' म्हणतात आणि शहरात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. जुन्या शहराभोवती एके काळी तटबंदी होती. १७६४ पासून ती पाडायला घेतली आणि तिच्या जागी झाडांची गोल वाट केली. साडेचार किलोमीटरच्या या वाटेवर मोटारींना बंदी आहे. म्हणजे जिथे शत्रूला अडवायची भिंत होती, तिथून आता बाया-माणसं बाजाराची पिशवी लावून सायकलवर जातात.

शहर सोडून दक्षिणेला गेलं की ल्युडिंगहाउझेन गावाजवळ फिशरिंगची गढी लागते. १२७१ मध्ये म्युन्स्टरच्या बिशपनं ती उभारली, शेजारच्या डोईजड झालेल्या सरदारांवर वचक ठेवायला. इथे डोंगर नाहीत, मग गढीला संरक्षण कशाचं? पाण्याचं. भोवती खंदक खणून त्यात पाणी खेळवायचं. १५२१ मध्ये ती आगीत जळाली, पुन्हा बांधली, आणि आज तिथे संग्रहालय आहे. तिथून जवळच नॉर्डकिर्शेनचा राजवाडा. १७०३ मध्ये त्याचं बांधकाम सुरू झालं. त्याचा थाट असा की लोक त्याला वेस्टफालियाचं व्हर्साय म्हणतात. गंमत म्हणजे आता तिथे सरकारी कर खात्याच्या नव्या अधिकाऱ्यांचं शिक्षण चालतं. तीनशे वर्षांपूर्वीही हा वाडा शेतकऱ्यांच्या पैशांवरच उभा राहिला होता.

गढ्या पाहून झाल्या की फोटो काढून लोक पुढे जातात. आम्ही मात्र आता तुम्हाला पायाखाली बघायला सांगणार आहोत. या सायकलमार्गाचा बराच भाग डांबरी सडकेवरून जात नाही. तो दोन कुंपणांमधल्या अरुंद मातीच्या वाटांवरून जातो. तिथल्या बोलीत या वाटांना 'पेट्के' म्हणतात, म्हणजे छोटी पायवाट. आपली पाणंदच म्हणा ना! सुट्या सुट्या घरांतून चर्चला, शाळेला, गिरणीला, शेजारच्या शेतात कामाला जायला या वाटा पडल्या. त्या कुणी आखल्या नाहीत, चालून चालून झाल्या. म्युन्स्टरमधले लोक रविवारी सायकलवर फिरायला निघाले की आजही "पेट्के-सहलीला चाललो" असंच म्हणतात.

या वाटांवरून कोण चालायचं? इथून खरा इतिहास सुरू होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इथले पुष्कळ शेतकरी गढीच्या किंवा मठाच्या मालकाचे बांधील असत. शेत कसायचं, पण माणूसही मालकाचा. घरचा कर्ता किंवा त्याची बायको, दोघांपैकी कुणीही मेलं की घरातल्या हलत्या मालमत्तेच्या निम्म्या भागावर मालक हक्क सांगे. गुरं, भांडीकुंडी, सगळ्याचा हिशेब होई. घरात दुखवटा चालू असताना मालकाचा माणूस गोठ्यात उभा राहून जनावरं मोजायचा.

आणि हे बंधन चालायचं आईकडून. आई बांधील असेल तर लेकरू बांधील. म्हणून मुलीच्या लग्नाला फार महत्त्व. एका मालकाची मुलगी दुसऱ्या मालकाच्या शेतावर नांदायला जाणार असेल, तर आधी तिनं आपल्या मालकाकडून सुटकेचं पत्र घ्यायचं, पैसे भरून. मग नव्या मालकाकडे जाऊन स्वतःला पुन्हा बांधून घ्यायचं. नाहीतर तिला होणारी मुलं कुणाची, यावर दोन मालकांत वाद. कधी कधी दोन मालक आपसांत मुलींची अदलाबदलही करत. सुटका आणि बंधन, दोन्हींच्या मधे एवढीच एक पायवाट.

अशी सुटकेची पत्रं गढ्यांच्या दप्तरखान्यांत जपलेली आहेत. आज तिथली माणसं आपली वंशावळ शोधायला ती वाचतात. कितीतरी साध्या बायकांची नावं लिखाणात उरली ती याच कागदांमुळे. त्यांनी काय सोसलं, काय गायलं, ते कुणी लिहिलं नाही. मालक बदलला, तेवढं मात्र लिहिलं.

आता दुसरी गोष्ट. ती आपल्या स्वयंपाकघरातल्या एका वस्तूशी जोडलेली आहे: जवस. आपण जवसाची चटणी करतो. त्याच जवसाच्या काडीत लांब, चिवट धागा असतो आणि त्याचं लिनन नावाचं कापड होतं. म्युन्स्टरलांडच्या उत्तर भागात, टेक्लेनबुर्गच्या बाजूला, घरोघरी हे काम चाले. निळ्या फुलांचं ते पीक मुळासकट उपटायचं, पाण्यात कुजवायचं, वाळवायचं, कुटायचं, खिळ्यांच्या फणीतून विंचरायचं, आणि मग सगळा हिवाळा चरख्यावर कातायचं. कातणाऱ्या मुख्यतः बायका आणि मुली. ज्यांना स्वतःचं शेत नव्हतं, त्या कुटुंबांना मोठ्या शेतकऱ्याच्या जागेत खोपट आणि जमिनीचा तुकडा मिळे. बदल्यात तो बोलावील तेव्हा कामाला जायचं, घरचं गवत भिजत असलं तरी.

तेवढ्यानं पोट भरत नसे. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला पुरुष हजारोंनी पायी हॉलंडला जात, गवत कापायला आणि जळणासाठी दलदलीतली माती खणायला. सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत हे चाललं. मागे शेत, गुरं, लेकरं, म्हातारे आणि मालकाची वेठ सांभाळायला बाई. मेटिंगेन आणि आसपासच्या गावांतले काही पुरुष लिननचे गठ्ठे पाठीवर घेऊन दूरवर विकत फिरत. त्यांतल्याच एका घरातल्या दोन भावांनी, क्लेमेन्स आणि आउगुस्ट ब्रेनिंकमायर यांनी, १८४१ मध्ये नेदरलँड्समध्ये कापडाचं दुकान काढलं. ती आजची 'सी अँड ए' ही कपड्यांची मोठी कंपनी. व्यापाऱ्यांची नावं दुकानाच्या पाटीवर गेली. सूत कातणारीचं नाव कुठल्याच पाटीवर गेलं नाही.

पुढे यंत्रावरचं स्वस्त सूत आलं आणि घरातल्या चरख्याला किंमत उरली नाही. किती कुटुंबं जहाजात बसून अमेरिकेला गेली. मग बोखोल्ट, ऱ्हाइने, ग्रोनाउ इथे कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि कातणाऱ्या बायकांच्या नाती गिरणीत लागल्या. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात त्याही गिरण्या बंद पडत गेल्या. बोखोल्टची एक गिरणी आता संग्रहालय आहे. तिथे माग चालवून दाखवतात आणि कामगाराचं घरही पाहता येतं. कोएसफेल्ड ते ऱ्हाइने या जुन्या लोहमार्गाचे रूळ काढून तिथे सुमारे ४० किलोमीटरची सायकलवाट केली आहे. आगगाडीची वाट असल्यामुळे चढ जवळपास नाहीच.

आता संध्याकाळ होत आली. शेवटचा मुक्काम म्युन्स्टरच्या पश्चिमेला, ह्युल्सहोफच्या गढीत. इथे १७९७ मध्ये आनेट फॉन ड्रोस्टे-ह्युल्सहोफ जन्मली. जर्मन भाषेतल्या मोठ्या कवींत तिची गणना होते. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली ही पोर जगेल असं वाटत नव्हतं. ती जगली मारिया काटारिना प्लेटेनडोर्फ या दाईच्या दुधावर. ही दाई एका विणकराची बायको. पुढे ती म्हातारी झाली तेव्हा आनेटनं तिला आपल्या घरी ठेवून घेतलं आणि १८४५ मध्ये ती वारेपर्यंत सांभाळलं. बघा, गढीच्या मोठ्या नावाच्या पाठीशी विणकराच्या घरातली एक बाई उभी आहे, आणि या वेळी तिचं नाव आपल्याला माहीत आहे.

१८२६ मध्ये वडील गेले. गढी भावाकडे गेली. आई आणि दोन मुली र्‍युशहाउस नावाच्या लहान घरात राहायला गेल्या. आनेटच्या वाट्याला आलेल्या छोट्या खोलीला ती आपलं 'गोगलगाईचं घर' म्हणायची. घर बड्या सरदाराचं, पण लग्न न झालेल्या बाईला प्रवासाला जायचं तर घरच्यांची मर्जी लागे. पायी चालण्यावर मात्र कुणाची बंदी नव्हती. ती हातोडी घेऊन रानात जाई, दगड फोडून त्यातले जुन्या जिवांचे ठसे गोळा करी. कविता तिथेच सुचत. १८३८ मध्ये पहिलं पुस्तक निघालं. त्यावर तिचं पूर्ण आडनाव छापलं नाही, नुसती आद्याक्षरं. १८४२ मध्ये तिची 'मनोऱ्यावर' ही कविता आली, बाईला पुरुषाइतकं मोकळं होता येत नाही याची तगमग सांगणारी. १८४३ मध्ये, पुस्तकाच्या मानधनाच्या भरवशावर, तिनं बोडेन सरोवराकाठी द्राक्षमळ्यातलं एक छोटं घर लिलावात घेतलं. पाच वर्षांनी ती गेली. पुढे १९९२ पासून युरो येईपर्यंत वीस मार्कांच्या नोटेवर तिचं चित्र होतं. जिचं आडनाव लपवलं, तिचा चेहरा घरोघरच्या पाकिटात गेला.

आनेट वीस वर्षांची होती तेव्हा, १८१७ मध्ये, मानहाइम शहरात कार्ल ड्राइस यानं दोन चाकांची एक लाकडी गाडी चालवून दाखवली. तिला पायटे नव्हते, पायांनी जमीन ढकलत जायची. तीच सायकलची पूर्वज. बायकांच्या हातात सायकल यायला त्या शतकाची अखेर उजाडली. त्याही वेळी घागरा चाकात अडकेल, तब्येत बिघडेल, चालचलन बिघडेल, अशी भीती घालणारे होतेच. प्रशियात बायकांना राजकीय संघटनेत जायला १९०८ पर्यंत बंदी होती, आणि देशाच्या निवडणुकीत पहिलं मत त्यांनी १९१९ मध्ये दिलं. सायकल त्याच्या आधीच आली होती.

आज ह्युल्सहोफ आणि र्‍युशहाउस या दोन घरांमधे साहित्याची एक वाट केलेली आहे. आनेट जिथून चालायची, त्याच रानातून. त्या वाटेवर एखाद्या बाईला सायकलवर जाताना कुणी थांबवत नाही, कुठे चाललीस म्हणून विचारत नाही. सुटकेचं पत्र मागत नाही.

तर मावशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. गढी कुणी बांधली ते दगडावर कोरलेलं असतं. पाणंद कुणी घडवली ते कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून ते विचारावं लागतं. तुमच्या घरात जी सगळ्यात थोरली बाई आहे, तिला आज जेवताना विचारा: लग्न होऊन आलीस तेव्हा कुठल्या वाटेनं आलीस? पाण्याला कुठून जायचीस? डोक्यावर काय असायचं, सोबत कोण असायचं? जे सांगेल ते वहीत लिहा, आणि तिचं नावही लिहा, पूर्ण.

पुढच्या भागात त्यातल्या काही वह्या आपण इथे वाचू. तोवर नमस्कार.