मोटारसायकलच्या इंधन टाकीवरील पोचा रंग राखून काढणे

मोटारसायकलच्या इंधन टाकीच्या पत्र्याला पडलेला पोचा मूळ रंग न खरवडता, लांबी न भरता आणि पुन्हा रंग न देता काढून पृष्ठभाग पूर्ववत करणे, हे वाहनदुरुस्तीतील एक विशेष कौशल्य आहे. व्यवसायात त्यास 'पेंटलेस डेंट रिपेअर' किंवा संक्षेपाने 'पीडीआर' असे म्हटले जाते. हे तंत्र मुख्यतः मोटारींच्या पत्र्यासाठी विकसित झाले. टाकीवर ते वापरताना दोन अडचणी येतात. टाकी हे जवळजवळ बंद भांडे असल्यामुळे पत्र्याच्या मागील बाजूस पोहोचणे अवघड असते. शिवाय तिच्यात पेट्रोलची वाफ असते. यांपैकी दुसरी अडचण जिवावर बेतू शकते.

टाकीची रचना आणि पोच्याची कारणे

बहुतेक मोटारसायकलींच्या टाक्या सौम्य पोलादाच्या, साधारणतः एक मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पत्र्यापासून बनवतात. पत्रा साच्यात दाबून तिचे भाग तयार केले जातात आणि ते वेल्डिंगने जोडले जातात. तळाचा भाग चौकटीच्या मुख्य नळीवर बसावा म्हणून मधोमध बोगद्यासारखा खोलगट असतो. त्यामुळे टाकी आतून दोन पिशव्यांसारखी विभागलेली असते. झाकणाच्या तोंडातून घातलेली सरळ सळई या पिशव्यांच्या खालच्या कोपऱ्यांपर्यंत क्वचितच पोहोचते. कार्ब्युरेटर असलेल्या गाड्यांच्या टाकीस झाकणाखेरीज पेट्रोल कॉकचे लहान छिद्र तेवढे असते. इंधन-अंतःक्षेपण प्रणालीच्या बहुसंख्य टाक्यांत मात्र पंप बसवण्यासाठी तळाशी बरेच मोठे छिद्र ठेवलेले असते. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यानंतर अशा टाक्या सर्वत्र आढळू लागल्या. कारागिराच्या दृष्टीने ही मोठीच सोय ठरली.

टाकीवरील पोचे बहुधा ठरावीक जागी पडतात. गाडी आडवी पडली की हँडल मर्यादेपलीकडे वळते आणि त्याचे टोक अथवा त्यावरील स्विचची पेटी टाकीच्या पुढच्या खांद्यावर आदळते. वाहनतळावर शेजारच्या गाडीच्या हँडलने बाजूला पोचा पडतो. दुरुस्तीच्या वेळी हातातून निसटलेला पाना वरच्या पृष्ठभागावर लहान पण टोकदार खूण करतो. पोचा काढता येईल की नाही हे ठरवताना या टोकदार खुणा अनेकदा मोठ्या, पसरट पोच्यापेक्षा अधिक त्रासदायक ठरतात.

पत्र्याचे वर्तन

पोलादाचा पत्रा अल्प प्रमाणात ताणला गेल्यास सोडताच मूळ आकारास येतो. सौम्य पोलादासाठी ही मर्यादा साधारण ०.१ टक्का ताण इतकी अल्प असते. त्यापलीकडे झालेले प्रसरण कायम राहते. शिवाय वाकलेला भाग पूर्वीपेक्षा कठीण होतो.

सपाट पत्र्यावर ४० मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर खोल असा बशीच्या आकाराचा पोचा पडल्यास त्या रेषेवरील पत्र्याची लांबी सुमारे १ मिलिमीटरने, म्हणजे अडीच टक्क्यांहून अधिक वाढलेली असते. ही वाढीव लांबी पोचा वर उचलल्याने नाहीशी होत नाही. ती सभोवतालच्या पत्र्यात थोडीथोडी सामावून घ्यावी लागते. तसे न झाल्यास तो भाग बोटाने दाबताच आत-बाहेर होणाऱ्या डब्याच्या झाकणासारखा सैल राहतो.

टाकीचा वरचा आणि खांद्याचा भाग मात्र फुगीर असतो. फुगवटा तितक्याच खोलीचा खळगा होऊन उलटला, तर मधल्या पत्र्याची लांबी फारशी बदलत नाही. घडी पडते ती पोच्याच्या कडेने, वर्तुळाकार वरंब्यात. फुगीर भागावरील मोठा, गुळगुळीत पोचा कधीकधी एकाच योग्य दाबाने 'टक्' असा आवाज करून बाहेर येतो, त्याचे कारण हेच आहे. गुडघ्यांसाठी केलेल्या अंतर्वक्र खोबणीत उलट परिस्थिती असते. तेथे धक्का पत्र्याच्या मूळ वक्रतेच्याच दिशेने बसतो, पत्रा केवळ ताणला जातो आणि दिसायला किरकोळ पोचाही चिवट ठरतो.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर केले जाणारे मठारकाम हे ठोक्यांनी धातू कठीण करण्याचे परिचित उदाहरण आहे. तांबट भांडे तापवून धातू पुन्हा मऊ करू शकतो. रंग राखून काम करणाऱ्यास ही मुभा नसते, कारण त्या तापमानाच्या कितीतरी आधी रंग जळून जातो. एकदा जास्त ठोकलेला पत्रा त्याला तसाच स्वीकारावा लागतो.

रंगाचा थर

कारखान्यात दिलेल्या रंगाचे अस्तर, रंग आणि वरचा पारदर्शक थर मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन असते. तो भट्टीत सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेला असतो. टाकीवर फलक, पट्टे, झाकणाची रबरी कडी असे भाग बसवलेले असतील तर दुरुस्तीच्या दुकानात इतके तापमान सहसा वापरता येत नाही. तेथे वापरला जाणारा दोन घटकांचा रंग बराच कमी तापमानावर वाळवतात. तोही टिकाऊ असू शकतो, मात्र धातुई किंवा मोत्यासारखी छटा असलेला रंग तंतोतंत जुळवणे कठीण असते. टाकी नवी दिसते आणि शेजारचे पॅनेल जुने. मूळ रंग राखण्याचा आग्रह धरला जातो तो प्रामुख्याने यामुळे. रॉयल एनफील्डच्या काही टाक्यांवरील रेषा हाताने ओढलेल्या असतात. अशा टाकीवर लांबी भरणे म्हणजे ती रेषाही गमावणे होय.

पोच्याच्या तळाशी किंवा वरंब्यावर केसासारखी चीर दिसल्यास रंग आधीच तुटलेला आहे असे समजले जाते. पत्रा परत वळवताना ती चीर रुंदावते. अशा वेळी रंग वाचवण्याचा हेतू सुटतो, पण तंत्र निरुपयोगी होत नाही. आकार शक्य तितका सरळ करून घेतल्यास नंतर लांबीचा अगदी पातळ हात पुरतो. जाड लांबी टाकीच्या कंपनांनी आणि तापमानाच्या चढउतारांनी काही वर्षांत तडकू शकते.

टाकी पूर्वी दुरुस्त झाली आहे का, हे तपासण्यास कापडात गुंडाळलेले लहान चुंबक पुरते. लांबी भरलेल्या जागी त्याची पकड एकदम सैल पडते. अशा जागी गोंदाने ओढण्याचा प्रयत्न केल्यास पोच्याऐवजी जुनी लांबीच उखडून येते.

पेट्रोलच्या वाफेचा धोका

पेट्रोलची वाफ हवेत आकारमानाने साधारण १.४ ते ७.६ टक्के असताना पेट घेते. पेट्रोलचा प्रज्वलनांक सुमारे उणे ४० अंश सेल्सिअस असल्याने भारतातील कोणत्याही ऋतूत ही वाफ तयार होतच असते. पेट्रोल असलेल्या टाकीत वाफेचे प्रमाण बहुधा वरच्या मर्यादेपेक्षाही अधिक असते. टाकी रिकामी करून झाकण उघडे ठेवले की आत हवा शिरते आणि मिश्रण नेमके स्फोटक पट्ट्यात येते. १२ लिटरच्या टाकीत असे मिश्रण तयार होण्यास एक मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल पुरेसे असते. सांध्यांच्या फटीत आणि गंजाच्या पापुद्र्यांत त्याहून अधिक पेट्रोल सहज अडकून राहते. 'टाकी रिकामी आहे' या भरवशावर ठिणगी, तापलेली तार किंवा वेल्डिंगची ज्योत जवळ आणणे म्हणूनच भरलेल्या टाकीजवळ आणण्यापेक्षाही अधिक घातक ठरू शकते.

या कामात गरम हवेचा झोत टाकणारे यंत्र आणि गोंद वितळवणारी बंदूक ही दोन विजेची साधने वापरली जातात. गरम हवेच्या यंत्रातील लालबुंद कुंडली वाफ पेटवण्यास समर्थ असते. त्यामुळे टाकी गाडीवरून उतरवून पेट्रोल काढून घेणे, पंप किंवा कॉक काढणे, साबणाच्या गरम पाण्याने अनेकदा विसळणे आणि सर्व छिद्रे उघडी ठेवून मोकळ्या हवेत पूर्ण वाळवणे, हे काम सुरू करण्यापूर्वीचे अनिवार्य टप्पे मानले जातात. वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचते. बंद खोलीत किंवा तळघरात हे काम केले जात नाही. पेट्रोलचा वास येत असेतोवर टाकी स्वच्छ झालेली नाही. मात्र वास येईनासा झाला म्हणजे ती निर्धोक झाली, असाही अर्थ होत नाही. चांगल्या कार्यशाळांत त्यासाठी वाफमापक वापरतात.

पद्धती

सर्व पद्धतींत प्रकाशयोजना समान असते. समांतर रेषा असलेल्या फलकाचे किंवा लांब दिव्याचे प्रतिबिंब टाकीच्या चकाकत्या रंगात पाहिले जाते. पत्रा निर्दोष असेल तेथे रेषा सलग वळतात, खळगा किंवा उंचवटा असेल तेथे त्या मुरडतात. कारागीर पोच्याकडे पाहतच नाही, तो प्रतिबिंबाकडे पाहतो. सळईचे टोक नेमके कोठे टेकले आहे, हेही त्याला प्रतिबिंबाच्या हालचालीवरूनच कळते.

आतून ढकलण्याच्या पद्धतीत झाकणाची जोडणी काढून त्या तोंडातून किंवा पंपाच्या छिद्रातून वेगवेगळ्या वळणांच्या, टोक गोलसर केलेल्या पोलादी सळया घातल्या जातात. तोंडाच्या कडेला चामडे किंवा रबर लावून तेथेच टेकू घेतला जातो. एका मोठ्या दाबाऐवजी अनेक बारीक दाब देत खळगा कडेकडून आत भरत आणला जातो. थेट मध्यावर जोर दिल्यास तेथे टोकदार उंचवटा उठतो आणि वरचा रंग फुटतो. सळईने आतील संरक्षक लेप खरवडला जाऊ शकतो. त्यामुळे काम संपल्यावर टाकी धुऊन धातूचे कण काढणे आवश्यक असते, अन्यथा ते पंपाच्या गाळणीत अडकतात. एथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी शोषून घेते. खरवडलेल्या जागी गंज धरण्याचा संभव त्यामुळे अधिक असतो.

बाहेरून ओढण्याच्या पद्धतीत प्लास्टिकची गोल चकती विशिष्ट गरम गोंदाने पोच्यावर चिकटवून, गोंद घट्ट झाल्यावर उचलकाने किंवा सरकत्या वजनाच्या हातोडीने खेचली जाते. उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोल लावल्यावर निघतो. सळई न पोहोचणाऱ्या कोपऱ्यांत हीच पद्धत उपयोगी पडते. तिचा भरवसा रंगाच्या पकडीवर असतो. कारखान्याचा रंग सहसा टिकतो, दुकानात पुन्हा दिलेला रंग चकतीसह निघून येऊ शकतो. पारदर्शक थराच्या वर चिकटवलेले स्टिकरही याच कारणाने आधी काढून घ्यावे लागतात.

ठोकून बसवणे हा दोन्ही पद्धतींचा अविभाज्य भाग आहे. पोच्याभोवती उठलेला वरंबा नायलॉन किंवा तत्सम टोकाच्या खिळ्यासारख्या साधनावर हलके ठोके देऊन खाली बसवला जातो. या वरंब्यातच पत्रा अडकून बसलेला असतो. तो मोकळा न करता खळगा ओढत राहणे ही नवशिक्यांची सर्वांत सामान्य चूक होय. शेवटी झालेले नुकसान आधी दुरुस्त करावे आणि धक्का जेथे प्रथम बसला तो भाग शेवटी घ्यावा, हा पत्राकामातील जुना क्रम येथेही पाळला जातो. थंड रंग ठिसूळ असल्याने पत्रा कोमट करून काम केले जाते. तापमान हाताला सोसवेल त्यापेक्षा फार अधिक ठेवत नाहीत.

प्रचलित समजुती

हेअर ड्रायरने टाकी तापवून त्यावर शुष्क बर्फ ठेवल्यास पोचा आपोआप बाहेर येतो, अशी समजूत लोकप्रिय आहे. पोलाद दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश इतके आकुंचन पावते. वर उल्लेखिलेल्या ४० मिलिमीटरच्या पोच्यात १०० अंशांच्या फरकाने होणारे आकुंचन सुमारे ०.०५ मिलिमीटर भरते, तर सामावून घ्यायची लांबी १ मिलिमीटर असते. फुगीर भागावरील, केवळ उलटलेला आणि उसळी मारण्याच्या बेतात असलेला पोचा या उपायाने कधीकधी सुटतो. त्याचीच चित्रफीत केली जाते. इतर पोचे जसेच्या तसे राहतात आणि अचानक थंड झालेल्या रंगास बारीक तडे जाण्याची जोखीम मात्र पत्करावी लागते.

टाकीची छिद्रे बंद करून आत हवेचा दाब देणे हा उपाय याहून वाईट आहे. टाकी हे दाब सहन करण्यासाठी बनवलेले पात्र नव्हे. केवळ १ बार दाब १,००० चौरस सेंटिमीटर क्षेत्रावर सुमारे १०,००० न्यूटन, म्हणजे एक टन वजनाइतके बल निर्माण करतो. पोच्याचा कठीण झालेला पत्रा हलण्यापूर्वी तळ आणि मधला बोगदा फुगतो, टाकी चौकटीवर बसेनाशी होते, प्रसंगी सांधा उकलतो. आत वाफ असल्यास परिणाम आणखी गंभीर होतात.

इतिहास

मोटारींच्या क्षेत्रात हे तंत्र गारपिटीने झालेल्या नुकसानीच्या दुरुस्तीमुळे फोफावले. एका वादळात शेकडो गाड्यांना असंख्य लहान पोचे पडत आणि त्या सर्व रंगवणे परवडणारे नसे. १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझचे ऑस्कर फ्लेग यांनी हातोडीच्या दांड्याने पत्रा आतून दाबून रंगकाम टाळल्याची हकीकत या व्यवसायात उगमकथा म्हणून सांगितली जाते. तथापि पत्रा दाबून सरळ करण्याची कला त्याहून बरीच जुनी आहे.

भारतात डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानांत टाकीच्या तळाला खिडकीसारखा चौकोन कापून आतून ठोकणे, मग तो तुकडा पुन्हा वेल्ड करणे किंवा बाहेरून सळई जोडून खेचणे, हे मार्ग दीर्घकाळ रूढ आहेत. त्यात रंग जातोच, शिवाय वेल्डिंगच्या सांध्यातून गळती सुरू होऊ शकते.

मर्यादा

टाकीच्या वेल्डिंगच्या सांध्यालगतचे, धारदार कडेवरील आणि दुहेरी पत्रा असलेल्या जागेवरील पोचे या तंत्राने सहसा निघत नाहीत. घडी पडलेला पत्रा उलगडतो, पण घडीची रेषा राहते. ॲल्युमिनियमच्या टाक्यांवर काम शक्य असले तरी तो धातू ताणलेल्या अवस्थेतून सहज परतत नाही. प्लास्टिकच्या टाक्यांना हे तंत्र लागू होत नाही. अनेक नव्या गाड्यांत दिसणारी टाकी हे मुळात प्लास्टिकचे आवरण असून खरी टाकी त्याखाली असते. तेथे आवरणच बदलले जाते.

जुन्या जावा गाड्यांच्या काही टाक्यांच्या बाजूंना क्रोमचा मुलामा असे. क्रोम रंगापेक्षा कितीतरी ठिसूळ असल्याने पोचा उचलताना तो तडकतो आणि त्या तड्यांतून गंज शिरतो. अशा टाक्यांचे जतन करणारे संग्राहक लहान पोचा तसाच ठेवणे पसंत करतात.