महदाइसेचे धवळे

 

आज देवावरच्या प्रेमाबद्दल बोलायचं आहे. विषय मोठा आहे. आत्मा, परमात्मा, मोक्ष असे शब्द निघाले की आपण म्हणतो, हे कीर्तनकारांचं काम, आपल्याला काय कळते! पण आपल्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला, सातशे वर्षांपूर्वी एका बाईनं हाच विषय लग्नाच्या गाण्यात मांडला. तिचं नाव महदाइसा. तिला महदंबाही म्हणतात. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून अभ्यासक तिचंच नाव घेतात.

आधी रुक्मिणीचं सांगते, कारण महदाइसेचं गाणं तिचंच आहे. तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. ते रुक्मिणीचं माहेर. भाऊ रुक्मीनं तिचं लग्न शिशुपालाशी ठरवलं. रुक्मिणीनं कृष्णाला पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. तिनं एका ब्राह्मणाच्या हाती निरोप धाडला, की मी मनानं तुला वरलं आहे, येऊन घेऊन जा. भागवताच्या दहाव्या स्कंधात ही कथा आहे. ती देवीच्या दर्शनाला गेली आणि तिथून कृष्णानं तिला नेलं. ते देऊळ कौंडण्यपूरचं की अमरावतीच्या अंबादेवीचं, यावर दोन्हीकडचे लोक आपापला हक्क सांगतात. सांगू द्या. दोन्ही देवळं आपलीच.

भक्तीचा विचार करणाऱ्यांनी या कथेचा अर्थ असा लावला, की रुक्मिणी म्हणजे जीव. बाकी सगळे तिचं भलतीकडे ठरवून बसलेत, आणि ती आपल्या खऱ्या धन्याला हाक मारते. मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हाक तिनं स्वतः मारली.

आता महदाइसा. ती बालविधवा होती. चक्रधरस्वामींच्या पंथात, म्हणजे महानुभाव पंथात आली. नागदेवाचार्यांच्या नात्यातली. सारखे प्रश्न विचारायची. तिच्या या विचारत राहण्याचं कौतुक पंथाच्या ग्रंथांत नोंदलेलं आहे. स्वामींनी बायांना संन्यास दिला, ज्ञान सांगितलं. मासिक पाळीचा विटाळ का मानायचा, यावर त्यांचं म्हणणं साधं होतं. शरीराच्या इतर वाटांनी मळ बाहेर पडतो, तसंच हेही एक. हे तेराव्या शतकातलं बोलणं आहे. आपण पाळीवर प्रशिक्षण घेतो तेव्हा मला हटकून आठवते.

चक्रधरस्वामी निघून गेल्यावर मंडळी रिद्धपूरला गोविंदप्रभूंकडे राहिली. गोविंदप्रभू म्हणजे चक्रधरांचे गुरू. लोक त्यांना राउळ म्हणत. वागणं लहान लेकरासारखं, लहरी. गावातल्या गोरगरिबांना, बायांना त्यांचा आधार वाटे. एकदा राउळांच्या मनात आलं, आपलं लग्न करावं. भक्तांनी तयारी केली. लग्न म्हटलं की गाणी आली. ती म्हणायला सांगितलं महदाइसेला. तिनं कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी रचून म्हटली. तेच हे धवळे. धवळे म्हणजे वराला उद्देशून म्हणायची लग्नगीतं. पुढचा भाग तिनं नंतर रचला, आणि सगळे मिळून दीडशेच्या आसपास झाले.

विचार करा. मंगलकार्य आहे, आणि गाणं म्हणायला पुढे केली ती विधवा. आजही आपल्याकडे हळदीच्या वेळी अशा बाईला मागे उभं करतात. आपल्या गटातली अध्यक्ष असली, बँकेत सही तिचीच चालत असली, तरी ओटी भरायला तिला बोलावत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा केवढी बातमी झाली. रिद्धपूरला हे आधीच होऊन गेलं होतं.

आणखी एक गोम आहे. महानुभाव पाच अवतार मानतात: श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर. म्हणजे महदाइसेसाठी कृष्ण आणि समोर हळद लावून बसलेले राउळ एकच परमेश्वर. ती जुनी कथा सांगत नव्हती, समोरच्या देवाला गात होती. या पंथाच्या मते जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही वेगवेगळे. जीव कधी देव होत नाही. तो देवावर प्रेम करतो, त्याच्याजवळ राहू पाहतो, आणि देव दिसेनासा झाला की झुरतो. चक्रधर गेल्यावर ही सारी मंडळी तशीच झुरत होती.

याच पंथात केशवदेव नावाच्या पंडिताला संस्कृतात ग्रंथ लिहायचा होता. नागदेवाचार्यांनी अडवलं. का? तर आपल्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील म्हणून. मराठीत एवढं गद्य त्या काळी लिहिलं गेलं, त्यामागे या म्हाताऱ्याही आहेत. पुढे पंथाच्या पोथ्या सांकेतिक लिपींत लिहिल्या जाऊ लागल्या. त्यामुळे बाहेरच्या लोकांना त्या शेकडो वर्षं वाचताच आल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांनी लिपी उलगडली, तेव्हा महदाइसा सगळ्या महाराष्ट्राला कळली.

नवरीच्या नात्यानं देवावर प्रेम करायची वाट आपल्या जिल्ह्यात पुन्हा एकदा दिसते. लोणी टाकळीला १८८१ मध्ये जन्मलेले, माधानचे गुलाबराव महाराज. तान्हेपणीच डोळे गेले. तरी शंभरावर ग्रंथ सांगून लिहून घेतले. स्वतःला ते ज्ञानेश्वरांची मुलगी आणि कृष्णाची पत्नी म्हणवीत, कुंकू लावीत, मंगळसूत्र घालीत. १९१५ मध्ये, ऐन चौतिशीत गेले. त्यांच्या विचाराला मधुराद्वैत म्हणतात. जीव आणि देव मुळात एकच, पण हे कळल्यावरही प्रेमाची गोडी सुटत नाही, असं त्यांचं सांगणं. महानुभाव म्हणतात दोन, महाराज म्हणतात एक. पंडितांनी यावर खुशाल भांडावं. मला दिसते ते एवढंच, की दोघांनाही देवाजवळ जायला नवरीचं मन लागलं. मात्र एक मनात येतेच. बाईचं मन घेणं वेगळं, आणि बाईला बोलू देणं वेगळं. महदाइसा स्वतः बोलली, म्हणून मी तिच्याजवळ जास्त थांबते.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. तिकडे गेलात तर राउळांचं ठिकाणही पाहून या. आणि तुमच्या गावात हळदीची जुनी गाणी येणारी कुणी आजी असेल, त्यात रुक्मिणीचं नाव येत असेल, तर पुढच्या मासिक बैठकीत तिला म्हणायला सांगा. ती विधवा असेल तर तिलाच आधी सांगा. रजिस्टरच्या मागच्या पानांवर गाणं लिहून घ्या, खाली तिचं नाव आणि गावाचं नाव टाका, आणि आपल्या रेडिओ केंद्रावर पाठवा.