मोतीबिंदू : शब्द, समजूत आणि शस्त्रकर्म

रोगाचे नाव पुष्कळदा त्याचे कारण सांगत नाही. बाहेरून जे दिसते तेवढेच सांगते. ‘मोतीबिंदू’ हा शब्द याचे उत्तम उदाहरण होय. या शब्दाचा व त्याच्या सजातीयांचा मागोवा घेतल्यास शस्त्रकर्माच्या इतिहासातील एक प्रचलित गैरसमजही दूर होण्यासारखा आहे.

सुश्रुतसंहितेत या विकारास ‘लिंगनाश’ म्हटले आहे. दोष चौथ्या पटलात पोचून दृष्टी सर्व बाजूंनी रोधली गेली, की लिंगनाश झाला. त्याच्या कफज प्रकाराला हलत्या कमलपत्रावरील शुभ्र जलबिंदूची उपमा दिली आहे. पुढे उत्तरतंत्राच्या १७ व्या अध्यायात शस्त्रकर्म सांगताना, दोष अर्धचंद्र, घर्मबिंदू वा मोती यांच्या आकाराचा असल्यास ते करू नये, असे बजावले आहे. आपल्या शब्दाचे दोन्ही घटक येथे शेजारी आढळतात. मात्र ते निषेधाच्या यादीत! एवढ्यावरून मराठी शब्दाचे मूळ संहितेत शोधणे धाडसाचे ठरेल. सारख्या दृश्याला सारखी उपमा स्वतंत्रपणेही सुचू शकते.

पश्चिमेकडील नावांत उपमेऐवजी उपपत्ती दिसते. अरबी वैद्यांनी या विकाराला ‘पाणी उतरणे’ अशा अर्थाचे नाव दिले. अकराव्या शतकात कॉन्स्टंटाइन आफ्रिकॅनस याने अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणताना ‘कॅटॅरॅक्टा’, म्हणजे धबधबा, हा शब्द योजला. बाहुलीमागे द्रव उतरतो व गोठून पडदा होतो, ही समजूत अशी नावातच घट्ट बसली. डोळ्यातील भिंग हे तर दृष्टीचे अधिष्ठान मानले जाई. तेच गढूळ होत असेल, ही शंका घेण्यास वाव नव्हता. १७०५ मध्ये फ्रान्समध्ये मिशेल ब्रिसो याने मृताच्या नेत्राचे विच्छेदन करून गढूळलेले भिंग म्हणजेच हा विकार, असे दाखविले. १७४७ मध्ये झाक दाव्हिएल याने ते भिंग बाहेर काढण्याचे शस्त्रकर्म केले व १७५२ मध्ये पॅरिसच्या शस्त्रवैद्यक अकादमीपुढे आपली पद्धती मांडली.

‘सुश्रुताने मोतीबिंदू काढला’ हे विधान म्हणूनच तपासून घ्यावे लागते. संहितेत यवाच्या अग्रासारख्या टोकाच्या शलाकेने वेध करावा, दृष्टिमंडलाचे लेखन करावे आणि रोग्याने नाक शिंकरून कफ घालवावा, असे सांगितले आहे. बहुतेक इतिहासकारांच्या मते यात भिंग दृष्टिमार्गातून बाजूस सारले जाई. ते डोळ्यातच राहत असे. ही पद्धती भारतात विसाव्या शतकातही चालू होती. मद्रासेत काम केलेल्या रॉबर्ट एलियट यांनी १९१७ च्या आपल्या व्याख्यानांत तिचे धोके विस्ताराने मांडले. हा भेद मान्य केल्याने सुश्रुताला उणेपणा येत नाही. डावा डोळा उजव्या हाताने व उजवा डाव्या हाताने विंधावा. नंतर रोग्याने उताणे निजावे, खोकला व शिंक टाळावी, हे बारकावे प्रत्यक्ष अनुभवाचीच साक्ष देतात.

भिंग काढल्यावर जाड चष्म्याला पर्याय नसे. १९४९ मध्ये लंडनमध्ये हॅरल्ड रिडली यांनी डोळ्यातच कृत्रिम भिंग बसविण्यास प्रारंभ केला, आणि ती उणीव भरून काढण्याची वाट खुली झाली.

शब्दांच्या या इतिहासाला एक व्यावहारिक बाजूही आहे. वाग्भटाच्या मांडणीत ‘काच’ ही लिंगनाशाच्या अलीकडची अवस्था. मराठीत मात्र ‘काचबिंदू’ हे अगदी निराळ्या, दृष्टिमज्जातंतूला इजा करणाऱ्या विकाराचे नाव झाले आहे. ‘बिंदू’च्या साम्यामुळे तोही पिकू द्यावा आणि मग काढावा, असे कोणी समजल्यास ती चूक महाग पडते, कारण मोतीबिंदूने अडलेली दृष्टी बहुधा परत मिळते, काचबिंदूने गेलेली मिळत नाही.